युद्धात बुडालेल्या खलाशाचा माग

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर कोकणातले हजारो खलाशी होते. त्यांतला कोणी आपल्या घरचा असेल, तर शोधाची सुरुवात समुद्रापासून दूर, इंदूरच्या खजरान्यात बसूनही करता येते.

आधी जहाजाचं नाव शोधा. जुनं पत्र, पेन्शनचा कागद, डिस्चार्ज बुक (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) असं घरातलं सगळं चाळा. जहाज कळलं की तारीख मिळते. उदाहरणार्थ, मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ 23 नोव्हेंबर 1942 रोजी जपानी पाणबुडीने बुडवली. 280 जण दगावले.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. ही नोंद मोफत पाहता येते. ज्यांची कबर समुद्रच झाला, अशा भारतीय व्यापारी नाविकांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारक-नोंदवह्यांत आहेत. संख्या सुमारे 6 हजार.

अडचण येते ती स्पेलिंगची. गोऱ्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं. आडनाव बहुधा गाळलेलंच. म्हणून नावाची चार-पाच रूपं करून पाहा, किंवा जहाज आणि तारीख धरून मृतांची संपूर्ण यादी वाचा. हुद्दाही उपयोगी पडतो: सारंग, टिंडेल, सुकाणी डेकवर, आगवाला बॉयलरपाशी, भंडारी स्वयंपाकात. वडिलांचं नाव किंवा गाव जुळलं तरच माणूस आपला समजा. एकाच जहाजावर एकाच नावाचे दोघे असू शकतात.

खलाशांच्या मूळ याद्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत.