जुना पाळणा घेताना
पाळणा बाळाला जेमतेम काही महिने पुरतो, म्हणून जुना घेणं हा कंजूषपणा नव्हे, साधा हिशेब आहे. पण किमतीआधी त्याचं वय विचारावं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीचा, रंगाचे पोपडे निघालेला पाळणा टाळलेलाच बरा, कारण दात येणारं बाळ कठडा चावतंच. घासून रंगवू म्हटलं, तर शिशाची धूळ घरभर होते. बिनरंगी सागवानी पाळण्याला ही धास्ती नाही. रंगाइतकीच रचनाही पाहावी. सरकत्या बाजूच्या बाळखाटांची विक्री अमेरिकेने २०११मध्ये बंद केली. बाजू निखळून फटीत मुलं गुदमरली होती. ‘आम्ही त्यातच वाढलो’ म्हणणारे वाढले, हे खरं. न वाढलेले सांगायला येत नाहीत. गजांमधली फट सहा सेंटिमीटरच्या आत हवी. गादी मात्र नवीच घ्यावी, कडक आणि चौकटीत घट्ट बसणारी.