तुसाची राख आणि वाजिब-उल-अर्ज

भंडारा जिल्ह्यातील भातगिरणीत 100 किलो धान भरडले असता सुमारे 20 किलो तूस व 8 किलो कोंडा निघतो, आणि कोंड्यातून खाद्यतेल काढता येते, हे व्यापाऱ्यांस ठाऊकच आहे. परंतु उकड्या तांदळाच्या गिरणीत बॉयलरखाली तूस जाळल्यावर त्याच्या वजनाचा जवळजवळ पंचमांश उरणारी राख बहुतांशी सिलिकाच असते, याचा विचार क्वचितच होतो. तूस मध्यम आचेवर जळाले, तर हे सिलिका अस्फटिकी राहून चुन्याशी संयोग पावते व सिमेंटला बळकटी देते. आच अनावर झाली, की ते स्फटिकरूप धारण करते आणि तो गुण पुष्कळसा लोपतो. वितळलेल्या पोलादाची उष्णता टिकविण्यासाठी त्यावर तुसाच्या राखेचे आवरण पसरण्याची रीतही रूढ आहे, आणि पोलादाचा कारखाना तर याच जिल्ह्यात, वरठीस, उभा आहे.

एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल ठरावा, अशी योजना शोधणाऱ्या शास्त्रास औद्योगिक परिस्थितिकी म्हणतात. डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे विद्युतकेंद्राची वाफ तेलशुद्धीकरण कारखान्यास आणि विद्युतकेंद्राच्याच धुराड्यातील वायूंच्या शुद्धीकरणातून निघणारे जिप्सम भिंतींच्या फळ्या करणाऱ्या कारखान्यास मिळू लागले. तेथे मोजके प्रचंड कारखाने शेजारी असल्याने परस्परांतील करार पुरले. आपल्याकडे गिरण्या लहान व विखुरलेल्या, म्हणून कराराआधी कोठून काय निघते याची नोंद हवी.

अशी नोंद या भूमीस परकी नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचा गाळ शेतास खत म्हणून जाई, मासळीवर ढिवरांचा निर्वाह चाले, आणि मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांच्या, अमदानीत पाण्याचे वहिवाटी हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या वहिवाटींच्या दप्तरात लिहिले जात. 1951 साली मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले. त्या व्यवस्थेतील विषमतेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, परंतु कोणती वस्तू कोठून निघते आणि तिच्यावर कोणाचा हक्क पोहोचतो, हे दप्तरी लिहून ठेवण्याचे तिचे धोरण आजही अनुकरणीय आहे.

जिल्ह्याच्या औद्योगिक नियोजनात म्हणूनच केवळ उत्पादनाचे आकडे पुरेसे नाहीत. प्रत्येक गिरणीत तूस किती निघते, ते कोणत्या तापमानास जळते, राख कोठे जाते आणि ती कोणास हवी आहे, एवढे चार रकाने त्यात वाढवावे लागतील. त्यांतील तापमानाचा रकाना रिकामा राहिला, तर भिन्न गुणांची राख एकाच ढिगात मिसळेल आणि सिमेंटवाला तिला हात लावणार नाही.