सोलापूरचा हापसा युगांडात

युगांडाच्या उत्तरेला लिरा, गुलूच्या बाजूच्या खेड्यात पाण्याच्या कामावर स्वयंसेवक म्हणून जाणारा बहुधा कुदळ-फावडं मनात धरूनच निघतो. तिथे कुदळीला फारसं काम नसतं. खाली कठीण खडक, त्यामुळे बोअर यंत्रानेच मारायची. जागा भूजलाचा जाणकार ठरवतो, शौचालयापासून निदान ३० मीटर लांब, आणि थोड्याच दिवसांत बोअरची गाडी निघूनही जाते. अवघड भाग त्यानंतरचा. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत साधारण चारातला एक हापसा बंद असतो.

हा हापसा आपल्याकडच्या माणसाला ओळखीचा वाटेल. तिथे त्याला यू-टू म्हणतात. मूळ इंडिया मार्क टू. दुष्काळी गावांसाठी जालना-सोलापूरकडे जे पंप बनले, त्यांतल्या सोलापूर पंपाच्या आधाराने १९७०च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने मिळून तो घडवून घेतला.

दुरुस्तीला हात लावण्याआधी आत काय चालतं ते समजून घ्यावं. दांडा खाली दाबला की वरच्या पेटीतली साखळी ओढली जाते, तिला जोडलेल्या सळया वर येतात आणि खोल पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमधला दट्ट्या उचलला जातो. त्याच्यावरचं पाणी पाइपात चढतं, तळाची झडप उघडून नवं पाणी आत शिरतं. दांडा वर सोडला की तळाची झडप मिटते, दट्ट्यातली उघडते आणि सळया खाली जातात, त्या निव्वळ स्वतःच्या वजनाने. साखळी ओढते, ढकलत नाही. म्हणून उथळ विहिरीवर, जिथे सळया थोड्या आणि हलक्या, हा पंप कुरकुरतो.

दट्ट्याचं वायसर झिजलं की पाणी बाजूने निसटतं. वायसर स्वस्तातलं, पण तिथवर पोचायला ३-३ मीटरचे पाइप एकेक करून वर काढावे लागतात. सिलिंडर ३० मीटरवर असेल तर असे १० पाइप, तेही पाण्याने भरलेले. तिवई, मोठे पाने आणि पाच-सहा धट्टीकट्टी माणसं लागतात. स्वयंसेवकाच्या दोन हातांचा खरा उपयोग इथे. अर्थात तिथल्या मिस्त्रीच्या हुकुमाखाली.

पंप पुरता बसण्याआधी बिघाड ओळखताही येतो. धार सुरू झाली की बादली लावा आणि दांडा पूर्ण वरखाली करत ४० वेळा हापसा. चांगला पंप १५ लिटरच्या आसपास पाणी देतो. मग अर्धा तास त्याला हात लावू नका. पुन्हा हापसताना पाचेक हेलकाव्यांत पाणी आलं तर ठीक. त्याहून बरेच जास्त लागले तर तळाची झडप किंवा पाइपाचा सांधा गळतोय. दर महिन्याला हे आकडे वहीत लिहिले की घसरण दिसते. सकाळी पिवळ्या कॅनची रांग लागलेली असताना मात्र हा प्रयोग करू नये. शिव्या बसतील, आणि त्या रास्तच असतील.

ओट्याला तडा दिसला तर लगेच बुजवावा, नाहीतर सांडलेलं पाणी बोअरच्या कडेने परत आत झिरपतं. पाणी नुसतं नितळ असून भागत नाही: १०० मिलिलिटरच्या नमुन्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये.

देखभालीचा कारभार गावच्या पाणी समितीकडे असतो. समितीत बायका असतात, घरटी वर्गणी गोळा होते, मिस्त्रीचे पैसे त्यातून भागतात. पाहुण्याने उत्साहाने खिशातून दुरुस्ती करून देऊ नये. पुढच्या महिन्यात वर्गणी मागायला गेलेल्या बाईला लोक पाहुण्याकडे बोट दाखवतात.

राहता राहिले पाइप. पाणी आम्लधर्मी असलं की जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आतून गंजतो. पाणी तांबूस येतं, चव बिघडते, धुतलेले कपडे डागाळतात आणि बायका पुन्हा डबक्याकडे वळतात. हे इतक्या ठिकाणी झालं की २०१६ मध्ये युगांडा सरकारने असे पाइप बसवण्यावरच बंदी आणली. तेव्हा अशा कामासाठी पैसे जमवत असाल, तर अंदाजपत्रकात पाइप कोणते धरलेत हे इथूनच विचारून घ्या. स्टेनलेस स्टीलचे महाग पडतात, आणि काटछाट नेमकी तिथेच होते.