सागाचं इंजिन आणि अ‍ॅलिस ट्रेडवेलचा घाट

1862 मध्ये मँचेस्टरच्या शार्प, स्टुअर्ट कंपनीने जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेसाठी बोरघाट चढणारी टँक इंजिनं बांधली. पुढे चार लहान चाकं, मागे एकमेकांना जोडलेली सहा, आणि बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी. या इंजिनाचं चित्र मी शाळेत असताना एका जुन्या पुस्तकात पाहिलं आणि ते डोक्यातून गेलंच नाही. ते मला लाकडात हवं होतं, एकास बत्तीस या प्रमाणात, मावळात बसून, मावळातल्या मिस्त्रीच्या मदतीने.

लाकूडच का, हे बरेच जण विचारतात. विकत मिळणाऱ्या छोट्या गाड्यांचे रूळ आपले नसतात, हे एक कारण. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी 1998 मध्ये उघडलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय मी मनापासून पाहिलं आहे. एवढ्या बारकाईचं काम महाराष्ट्रात दुसरं नाही. पण एकास सत्याऐंशी या प्रमाणाचे जगभर चालणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात, कारण ते युरोपातल्या 1435 मिलिमीटर रुळांवरून बेतलेले. आपला ब्रॉडगेज 1676 चा. त्याच प्रमाणात तो एकोणीस मिलिमीटरच्या वर जातो. जीआयपीचं रुंद, बसकं इंजिन त्या रुळांवर उभं करायचं तर त्याला दोन्ही बाजूंनी चेपावं लागतं. लाकडात अशी सक्ती नाही. माझ्या फळीवर दोन रुळांमधलं अंतर साडेबावन्न मिलिमीटर आहे, म्हणजे जवळपास साडेपाच फुटांचा बत्तिसावा भाग.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाफेचं प्रत्येक इंजिन आधी लाकडातच जन्माला यायचं. सिलिंडर, धुराड्याचं बूड, चाकाचा सांगाडा हे ओतीव भाग. ते ओतण्यासाठी आधी पॅटर्नमेकर हुबेहूब लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा तयार व्हायचा. ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तेवढी लांब असे. नमुना वाळूतून अलगद निघावा म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला किंचित उतार दिला जाई. इंजिनाच्या इतिहासात ड्रायव्हर आहे, फायरमन आहे, पण हा सुतार कुठेच नाही. लाकडी प्रतिकृती करणं मला त्याच्याच बाकावर बसल्यासारखं वाटतं.

कामशेतच्या मिस्त्रींनी चित्र पाहिलं आणि पहिला प्रश्न चाकांचा काढला. "दादा, फळीतून गोल कापून घेऊ नका. आपल्याकडच्या पावसात फुगतं ते, आणि आडवं फुगतं. लंबगोल होईल." लाकूड रेषांच्या दिशेने जवळपास हलत नाही, आडवं मात्र ओल घेऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं. लोणावळ्याच्या पावसात तर हा फरक डोळ्यांना दिसतो. त्यांनी बैलगाडीच्या चाकाची पद्धत घेतली: मध्ये तुंबा, त्यात आरे, बाहेरून पुठ्ठ्यांचे तुकडे, प्रत्येकात रेषा परिघाच्या दिशेने. तुंबा शिसवीचा, आरे हळदूचे, बाकी जुना साग. वरून पितळेची धाव. खऱ्या इंजिनाच्या चाकालाही धाव वेगळीच असते. गाडीवानाच्या चाकासारखीच ती तापवून चढवतात, थंड झाली की आवळून बसते.

टाकीपाशी मात्र मी बरेच दिवस अडलो, कारण ती तशी का आहे हे कळल्याशिवाय तिचं वजन डोळ्यांना पटत नव्हतं. उत्तर घाटात आहे. एकास सदतीसचा चढ म्हणजे गाडीच्या दर टनामागे सत्तावीस किलोची ओढ फक्त चढासाठी लागते, घर्षण वेगळं. दोनशे टनांची गाडी असेल तर जवळपास साडेपाच टन. ही ओढ येते चाक आणि रूळ यांच्या पकडीतून, आणि पकड येते चाकांवरच्या वजनातून. म्हणून पाणी मागच्या टेंडरमध्ये न वाहता थेट जोडलेल्या चाकांच्या डोक्यावर ठेवलं. शिवाय घाटात मध्येच दिशा बदलायची होती. खंडाळ्याच्या खाली, अमृतांजन पुलाच्या परिसरात रिव्हर्सिंग स्टेशन होतं: गाडी डोंगराच्या सपाट पट्टीवर शिरायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे चढायची. टेंडर नसलेल्या इंजिनाला पुढे आणि मागे सारखंच. बोरघाट त्या इंजिनाच्या अंगावर लिहिलेला आहे. सपाट काचपेटीत ठेवलं तर ते अर्धंच कळेल. म्हणून माझी फळी तिरकी आहे: सव्वा मीटरला साधारण चौतीस मिलिमीटर चढ.

या तिरक्या फळीच्या निमित्ताने तारखा जुळवत बसलो, आणि एक गोष्ट अशी समोर आली की इंजिन काही काळ बाजूलाच पडलं.

जीआयपीचा रूळ घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंत, 1856 मध्ये पोचला. घाटमाथ्यावरचा खंडाळा ते पुणे मार्ग 14 जून 1858 ला सुरू झाला. आणि घाटाचा चढ उघडला 21 एप्रिल 1863 ला, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते. म्हणजे जवळपास पाच वर्षं मावळात रेल्वे धावत होती आणि ती कशालाच जोडलेली नव्हती. लोणावळा, वडगाव, तळेगावच्या माणसांनी इंजिन पाहिलं ते मुंबईशी रूळ जोडला जाण्याच्या कितीतरी आधी. प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, तट्टूने किंवा गाडीने घाट चढत आणि वर पुन्हा रेल्वेत बसत.

मग ती इंजिनं वर आली कशी? रूळ नव्हता. उरतो 1830 चा घाटरस्ता, ज्यावर पुढे अमृतांजन नावाने ओळखला गेलेला पूल होता. एकट्या बॉयलरचं वजन काही टन. सुटे भाग, जाड चाकांचे गाडे, बैलांच्या जोड्या आणि दोर लावून मागून धरणारी माणसं, याशिवाय दुसरी वाट मला दिसत नाही. महाराष्ट्रातल्या रेल्वेची कथा आपण बोरीबंदर ते ठाणे, 16 एप्रिल 1853, अशीच सांगतो. बैलांनी ओढून मावळात आणलेल्या इंजिनांची कथा शाळेच्या पुस्तकात यायला हवी होती, असं मला अगदी ठामपणे वाटतं. तो पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला गेला. त्या दिवशीच्या बातम्या पुलामुळे होणाऱ्या वाहतूक कोंडीबद्दल होत्या.

घाटाला इतका उशीर का झाला, याचं उत्तर कंत्राटात आहे. काम 1856 च्या जानेवारीत विल्यम फॅविएल या कंत्राटदाराने सुरू केलं. मुंबई-ठाणे मार्गही त्यानेच बांधला होता. घाटात त्याने काम पोटकंत्राटदारांना वाटून दिलं. मजुरी अडकू लागली आणि जानेवारी 1859 मध्ये मजुरांनी दंगा केला. चौकशी झाली. पुढच्याच वर्षी रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीचे तंटे सोडवण्यासाठी कायदा आला. त्या कायद्यामागे बोरघाटातल्या मजुरांचा संताप आहे. मार्च 1859 मध्ये फॅविएलने कंत्राट सोडलं.

मग आला सॉलोमन ट्रेडवेल. इंग्लंडमधल्या रेल्वे कंत्राटदारांच्या घराण्यातला हा माणूस 1859 च्या अखेरीस मुंबईत उतरला आणि काही दिवसांतच आजाराने मरण पावला. त्याची बायको अ‍ॅलिस बरोबर होती. परतीची बोट तिला सहज पकडता आली असती आणि कोणी काही म्हटलं नसतं. तिने कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं आणि घाट पूर्ण केला.

इतिहासाच्या पुस्तकांत तिचा उल्लेख आला की लगेच पुढचं वाक्य येतं: रोजचं काम अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघा व्यवस्थापकांनी पाहिलं. पाहिलंच. पण फॅविएलही स्वतः सुरुंग लावत नव्हता, आणि त्याच्याबद्दल कोणी असं वाक्य लिहीत नाही. माणसं निवडणं, पैसा उभा करणं, जबाबदारी अंगावर घेणं यालाच कंत्राटदारी म्हणतात. ज्या हंगामात तिने काम हाती घेतलं, त्याच 1859-60 च्या हंगामात घाटात पटकी पसरली आणि मजूर तळांवर मेले, पळाले. 1861 मध्ये मात्र कामावर बेचाळीस हजारांहून जास्त माणसं होती. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, पावणेसोळा मैलांत 1831 फूट चढण. मुख्य अभियंता जेम्स बर्कली उद्घाटन पाहायला उरला नाही, 1862 मध्ये गेला. अ‍ॅलिसने आपला शब्द पाळला.

याखेरीज तिने कॅमेरा चालवला. घाटाच्या कामाची छायाचित्रं तिने काढली, त्या काळात, जेव्हा काचेवर ओलं रसायन लावून ती वाळायच्या आत चित्र घ्यावं लागे. काळ्या कातळात, खंडाळ्याच्या धुक्यात, कंत्राटाच्या हिशेबांच्या जोडीने. आपल्या सह्याद्रीच्या सगळ्यात जुन्या छायाचित्रकारांत तिचं नाव घ्यायला हवं, आणि मराठीत ते जवळजवळ कोणी घेत नाही.

घाटाची वाट ज्या धनगराने दाखवली अशी आख्यायिका आहे, त्या शिंग्रोबाचं देऊळ जुन्या रस्त्यावर आहे आणि गाडीवाले आजही तिथे नाणं टाकतात. त्याची आठवण लोकांनी राखली. बेचाळीस हजारांची राखायला कोणी नव्हतं. रेल्वेचा घाटातला मऊ की मळीचा दगडी पूल 1867 च्या पावसाळ्यात कोसळला आणि पुन्हा बांधावा लागला, एवढं मात्र कागदोपत्री व्यवस्थित नोंदलेलं आहे.

1929 मध्ये घाटात वीज आली, मार्ग सुधारला, रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं आणि माझ्या इंजिनाचा सगळा संसार संपला. एकास सदतीसचा चढ आहे तसाच आहे. म्हणून आजही कर्जतला बऱ्याच गाड्यांच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात.

इंजिन आता पूर्ण झालं आहे, टाकी शिवणीच्या पातळ पट्ट्या वाकवून केली. पण फळीचा अर्धा भाग अजून रिकामा आहे, कारण तिथे काय करायचं हे बदललं. आधी बोगद्याचं तोंड होणार होतं. आता मिस्त्री एक गाडा करत आहेत, जाड चाकांचा, बैलांच्या चार जोड्यांचा, आणि त्यावर दोरांनी आवळलेला एक बॉयलर. त्याच्या शेजारी तीन पायांवरचा लाकडी कॅमेरा येईल. एकास बत्तीसमध्ये तो साधारण पाच सेंटिमीटर उंच होतो, आणि त्याच्या मागे उभी करायची अ‍ॅलिस ट्रेडवेल हळदूतून कोरायला घेतली आहे.