गच्चीवरच्या सळया

आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी घरांच्या गच्चीवर पिलरच्या सळया वर डोकावताना दिसतात. आमच्याही घरावर आहेत. अब्बांनी त्या मुद्दाम सोडल्या होत्या : मुले मोठी होतील, निकाह होतील, वर मजला चढेल. यंदा धाकट्या भावाचे लग्न ठरले आणि ठेकेदार म्हणाला, "सळया आहेतच, महिन्याभरात स्लॅब टाकून देतो."

विचार चांगलाच आहे. नवे घर घ्यायचे तर गावाबाहेर, जिथे नळही नाही आणि शाळाही नाही. आहे त्याच घरावर मजला चढला तर शेतजमीन वाचते, रस्ता आणि गटार आधीच असतात, आणि अम्मीची नातवंडे तिच्या डोळ्यांसमोर राहतात. इंग्लंडमध्ये 2020 पासून ठरावीक फ्लॅटच्या इमारतींवर दोन मजल्यांपर्यंत वाढवण्याची परवानगी सोपी केली आहे.

पण वजनाचे काय? फळ्यावर मांडतो तसा मी भावाला हिशेब मांडून दाखवला. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास 3 टन. त्यावर भिंती, फरशी आणि हजार लिटरची टाकी. ती भरली की आणखी 1 टन. हे सारे उतरते पायावर, आणि पाया कुणाला दिसत नाही.

दक्षिण कोरियातल्या सेऊल शहरात साम्पुंग नावाचे मोठे दुकान होते. आराखडा चार मजल्यांचा. पाचवा नंतर चढवला, तिथे रेस्टॉरंट आणि जड फरशी, छतावर वातानुकूलनाची अवजड यंत्रे. भेगा दिसत होत्या, तरी दुकान चालूच ठेवले. 29 जून 1995 रोजी ते कोसळले आणि 502 माणसे गेली.

आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. (त्याची फी ऐकून भाऊ चिडला, लग्नाच्या मंडपापेक्षा ती कमीच होती.) त्याने भिंतीलगत खड्डा खणून पाया उघडा केला. पाया एकाच मजल्याच्या मापाचा निघाला. सळयांनाही इतक्या पावसाळ्यांत गंजाचे पापुद्रे सुटलेले. काँक्रीटचा मजला नको, असे त्याने स्पष्ट सांगितले. पिलर मजबूत करून, लोखंडी सांगाड्यावर हलक्या भिंतींची एक खोली होईल. तीही नगरपालिकेने नकाशा मंजूर केल्यावर.

नकाशा दिला आहे. निकाह ठरल्या तारखेलाच होईल. तोवर माझी पुस्तके पेट्यांत भरून मी बाहेरच्या खोलीत आणली आहेत; आतली खोली नव्या दुल्हनची.