पेटीवरचा दुसरा गायक

पहिल्या सत्रात काळी एकमध्ये गाणारे बुवा, दुसऱ्या सत्रात काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई आणि साथीला पेटीवर माणूस एकच. बुवांच्या गाण्यात पांढरी चार ही पट्टी त्याचा शुद्ध गंधार असते. मध्ये चहा होतो, बाई तंबोरे लावून घेतात आणि तीच पट्टी आता त्याचा शुद्ध धैवत होते. षड्ज हलला की बोटांची सगळी वाट बदलते आणि श्रोत्याला त्याचा पत्ताही लागू नये, ही या कामाची पहिली अट. युरोपात गायकांची साथ करणाऱ्या पियानोवादकांनाही गळ्याप्रमाणे गाणे वरखाली करून वाजवावे लागते, पण त्यांच्यासमोर स्वरलिपीचा कागद असतो. आपल्या पेटीवाल्यासमोर कागद नसतो. पुष्कळदा राग कोणता हेही बैठकीत बसल्यावर, गायकाच्या पहिल्या चार स्वरांवरून ओळखायचे असते.

हे काम किती मोठे आहे ते समजून घ्यायचे तर कोल्हापुरासारखे दुसरे गाव नाही. १८८३ साली सुरू झालेला इथला गायन समाज देवल क्लब ही महाराष्ट्रातल्या जुन्या संगीत संस्थांपैकी एक. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेब इथे राहिले आणि जयपूर-अत्रौली गायकीचे मूळ या गावात रुजले. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँसाहेब कोल्हापुरातच शिकवत राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडुताई कुलकर्णी यांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. या गायकीबद्दल आपण भरभरून बोलतो. तिच्या शेजारी पेटी घेऊन बसणे म्हणजे काय, हे मात्र फार थोडे लिहिले गेले आहे.

जयपूर गायकीत अनवट आणि जोड राग पुष्कळ. बसंती केदार घ्या. गायक बसंताच्या अंगाने वर गेला आहे आणि उतरताना कुठल्याशा स्वरावरून तो केदारात शिरणार आहे. साथीदाराने केदाराची पट्टी एक क्षण आधी दाबली तर गायकाने राखून ठेवलेले सारे फुकट गेले. एक क्षण उशिरा दाबली तर बसंताचा स्वर केदारावर सांडला. शिवाय या गायकीतली तान सरळ चढत-उतरत नाही, ती वळसे घेत पेचदार जाते. पुढचा स्वर कोणता, याचा अंदाज बोटांना करता येत नाही. तो राग ज्याच्या कानात आधीपासून मुरलेला आहे, त्यालाच ते जमते. म्हणून साथ ही हाताच्या तयारीची गोष्ट नंतरची. आधी ती विद्येची गोष्ट आहे. ज्याला राग गाता येत नाही, निदान मनातल्या मनात तरी, त्याला त्याची साथ करता येणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा सगळ्यात मोठा पुरावा कोल्हापूरचाच. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) जवळच्या सांगवड्यात जन्मले आणि कोल्हापुरात वाढले. पेटी त्यांनी बहुतेक ऐकून, स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केली. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याने ते भारले गेले आणि बुवांची साथ करू लागले. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले, पुढे त्यांचे चरित्रही लिहिले. साथ करताकरता त्यांच्या कानात जे साठत गेले, ते १९११ साली बाहेर आले. किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पदांच्या चाली गोविंदरावांच्या होत्या. मराठी नाट्यपदाला त्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचा लडिवाळपणा दिला आणि तो देताना रागाची शिस्त सुटू दिली नाही. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या हातून घडल्या, कारण तो माणूस मोठमोठ्या गवयांच्या शेजारी बसून ऐकत आला होता. समोरचा श्रोता गाणे ऐकतो. शेजारचा साथीदार गाण्याआधीचा श्वासही ऐकतो. मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासात या कानाचे ऋण पुरेसे मान्य झालेले नाही.

गोविंदराव तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. पुढे स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, भूमिका केल्या, नाटके लिहिली. कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात कंपनीच्या १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चे संगीत त्यांचे, आणि त्यातला हरिश्चंद्रही तेच. पेटी एकट्याने, स्वतंत्र वाद्य म्हणून मैफलीत वाजवणाऱ्या पहिल्या मोठ्या कलावंतांतही त्यांची गणना होते. त्याच ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. बालगंधर्व आणि कोल्हापूरचे केशवराव भोसले त्यात एकत्र उभे राहिले. तो प्रयोग अजून सांगितला जातो तो दोन गळ्यांच्या चुरशीसाठी. त्या गळ्यांना मैदान आखून देणाऱ्या चाली एका पेटीवाल्याच्या होत्या, हेही त्याच्या जोडीला सांगायला हवे.

आता त्या पेटीकडे पाहू. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४० च्या दशकाच्या तोंडावर घेतले. ते पायाने भाता चालवायचे, खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याला आपल्या बैठकीत आणले. भाता मागे गेला, डावा हात हवेला आणि उजवा हात स्वरांना. एक हात कायमचा गुंतला हे खरे, पण जमिनीवर, गायकाच्या गुडघ्याशी बसता येऊ लागले. साथीसाठी ही जवळीक फार मोलाची आहे. नाटकात मात्र पायपेटी आणि ऑर्गन टिकले. दोन्ही हात मोकळे, आवाज भरदार आणि थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. बालगंधर्वांच्या मागे थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, हा संच जुन्या रसिकांच्या तोंडी नटांच्या नावांइतकाच असे.

पेटीच्या आत पितळेचे सूर असतात. खर्ज, नर आणि मादी अशी त्यांची कुळे. सुराच्या जिभेचे टोक किंचित घासले की स्वर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. खरवडण्याचे हे काम कानाने करणारे कारागीर हेही या साथीचेच भाग आहेत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, भात्याचे कातडे सर्द होते आणि ऐन मैफलीत एखादी पट्टी दाबल्यावर वरच येत नाही. अशा वेळी ती पट्टी वगळून राग वाजवत राहणारे आणि गायकाला काही कळू न देणारे वादक मी ऐकले आहेत.

वाद्याचे दोष लपवण्यात अर्थ नाही. पेटीवर मींड येत नाही. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिच्याकडे नाही. तिचे बारा स्वर समान अंतराने बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा लागतो. तयार कानाला हा फरक टोचतो. तो मिटवण्याची धडपडही आपल्याच मुलखात झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या साहाय्याने श्रुतींची पेटी बनवून घेतली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी तोच ध्यास घेऊन बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली.

पण उत्तम साथीदार साध्या पेटीवरही या दोषातून वाट काढतो, आणि ती वाट मला यंत्रातल्या सुधारणेहून मोठी वाटते. दरबारीचा गंधार गायक आंदोलित करू लागला की तो गंधाराची पट्टी दाबून धरत नाही. ऋषभावर थांबतो, गंधाराला नुसता स्पर्श करतो, किंवा हात उचलून घेतो आणि तो स्वर गायकाचा गायकाकडेच राहू देतो. मींडेच्या जागी दोन टोके दाखवतो, मधला प्रवास गळ्यावर सोपवतो. कोणता स्वर वाजवायचा नाही हे ज्याला कळले, त्याची साथ पक्की.

हा विवेक न ओळखता पेटीला एकदाच झाडून दोषी ठरवले गेले. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. साथीतही ती चालणार नव्हती. रवींद्रनाथांसारख्यांचाही पेटीला विरोध होता, आणि स्वरांच्या बाबतीत त्या विरोधात तथ्य होते. पण दर महिन्याच्या कार्यक्रमावर ज्यांची चूल पेटत होती, त्या वादकांचे काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. साथीपुरती दारे पुन्हा उघडायला १९७१ साल उजाडावे लागले. त्या मधल्या तीन दशकांत पेटी टिकवली ती मैफलींनी, नाटकांनी, भजनी मंडळांनी आणि गायनाच्या वर्गांनी. याच काळात मधुकर पेडणेकर, विठ्ठलराव कोरगावकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, रामभाऊ विजापुरे, तुळशीदास बोरकर यांच्यासारखे वादक तयार झाले किंवा ऐन भरात आले. मोठ्या गायकांना पेटी नको असती, तर हे घडले नसते.

यातली प्रत्येक साथ वेगळी. गोविंदराव पटवर्धन गायकाच्या गळ्यातून निघालेला स्वर जणू त्याच क्षणी उचलत. अप्पा जळगावकर भीमसेन जोशींच्या दोन आलापांमधली जागा इतक्या सुरेल बेताने भरत, की पुढचा आलाप तिथूनच निघाल्यासारखा वाटे. बेळगावचे विजापुरेमास्तर म्हणजे सीमाभागातल्या मराठी-कानडी गवयांचा हक्काचा आधार. नुसती नक्कल करणारी पेटी गायकाला थकवते. जिला पुढे काय येणार हे कळते आणि तरीही जी पुढे जात नाही, ती पेटी त्याला गायला लावते.

वाद्यवादकांच्या साथीची परीक्षा आणखी कठीण. तबल्याच्या एकलवादनात पेटीवाला लेहरा धरतो. एका आवर्तनाची चाल, तीच, पाऊण-एक तास. तबलजी लयीला आडवा जातो, समेला चुकवून भलतीकडून येतो, समोरचे श्रोते गोंधळतात, आणि लेहरा धरणाऱ्याने केसभरही हलायचे नसते. तो हलला की तबल्यातला सारा हिशेब कोसळला. कथकच्या साथीतही हेच. टाळ्या तिहाईला पडतात. ती तिहाई जिच्यावर येऊन उतरली, ती सम लेहऱ्याने जपलेली असते.

आणि पोट भरते ते यातल्या कशावरच नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे सत्र आले की केंद्रावर पेटीवाला सकाळपासून बसतो. घाबरलेली मुले एकामागून एक येतात, प्रत्येकाची पट्टी वेगळी, बंदिशीत अडकलेल्या मुलीला मुखड्याचा स्वर हळूच द्यायचा आणि परीक्षकांची मर्यादाही सांभाळायची. मग संध्याकाळी भावगीतांची तालीम, रात्री भजन, हंगामात राज्य नाट्य स्पर्धेतले संगीत नाटक. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात गाणे शिकलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात असा एक पेटीवाला असतो. पहिल्यांदा लोकांसमोर गाताना आवाज थरथरला, तेव्हा त्यानेच सावरून धरलेले असते.

इंग्लंडमधल्या जेराल्ड मूर या पियानोवादकाने (१८९९-१९८७) सारी कारकीर्द साथीत घालवली. १९६२ साली आलेल्या आत्मचरित्राला त्याने ‘माझा आवाज जास्त होतोय का?’ अशा अर्थाचे प्रश्नार्थक नाव दिले. १९६७ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्या काळचे तीन अग्रगण्य गायक त्याच्यासाठी गायला आले. शेवटी शूबर्टचे एक गाणे त्याने गायकाशिवाय, एकट्याने वाजवले. साथीदाराचा असा गौरव तिथे एका माणसाच्या चिवट आग्रहामुळे शक्य झाला. आज तिकडच्या संगीत विद्यापीठांत पियानोची साथ हा स्वतंत्र पदवीचा विषय आहे. ज्या गावात त्याआधी अर्धशतक गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीच्या मध्यभागी बसवले, त्या आपल्या गावात अजून निमंत्रणपत्रिकेवर गायकाचे नाव ठळक आणि खाली बारीक अक्षरात ‘साथसंगत’ असते. कधीकधी तीही नावे नसतात.

९ ऑगस्ट ही केशवराव भोसल्यांची जयंती. तिच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेले आणि पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले गेलेले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. कोल्हापूर हळहळले. वास्तू पुन्हा बांधता येते, आणि ती बांधलीच पाहिजे. साथीची विद्या मात्र एका पिढीच्या कानातून दुसरीच्या कानात जाते. मध्ये एक पिढी रिकामी गेली की ती परत मिळवायला फार काळ लागतो.

म्हणून गावातल्या संगीत संस्थांना विनंती आहे. संवादिनीची साथ हा स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून शिकवा, आणि त्यात बोटांच्या तयारीइतकेच गाणेही शिकवा. मैफल ठरवताना साथीदाराचे मानधन गायकाबरोबरच ठरवा, शिल्लक राहिलेल्या पैशांतून देऊ नका. पत्रिकेवर त्याचे नाव गायकाच्या ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात छापा. आणि श्रोत्यांना एवढेच सांगणे, की पुढच्या मैफलीत गायक श्वास घ्यायला थांबेल तेव्हा शेजाऱ्याशी बोलू नका. तेवढा वेळ पेटी ऐका.