श्वेतपत्रिका: वाचायची कशी आणि लिहायची कधी?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एका श्वेतपत्रिकेतला आकडा सरळ उचलून टाकला होता. गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "हा आकडा कोणी मोजला आणि कशासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वसईहून कामण रोडला उतरेपर्यंत तोच प्रश्न डोक्यात घोळत होता. शेवटी तो सगळा भाग पुन्हा लिहावा लागला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आज हा विषय.

नेमकी ही असते काय?

'व्हाइट पेपर' हा शब्द ब्रिटिश संसदेच्या कामकाजातून आला. जाडजूड अहवालांना निळं वेष्टन असायचं, छोट्या दस्तऐवजांना पांढरं. भारतात १९४८ साली केंद्र सरकारने संस्थानांच्या प्रश्नावर श्वेतपत्रिका काढली होती. पुढे कंपन्या आणि तंत्रज्ञांनीही हा शब्द उचलला. २००८ साली बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानी लेख आज 'व्हाइट पेपर' म्हणूनच ओळखला जातो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. मजकूर छापण्यापूर्वी बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासलाच पाहिजे, असं बंधन नसतं. जर्नलमधला लेख आणि श्वेतपत्रिका यांत मुख्य फरक हाच.

सिंचनाचं उदाहरण

राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून असं चित्र पुढे आलं, की दहा वर्षांत सिंचनाचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढलं. त्यावरून मोठा गदारोळ झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जलसंपदा विभागाची श्वेतपत्रिका आली. तिच्यात ही वाढ ५.१७ टक्के होती!

मग खोटं कोण? संशोधकाने हा प्रश्न घाईने विचारू नये. आधी विचारावं, की मोजलं काय? 'निर्माण झालेली सिंचन क्षमता' वेगळी आणि 'प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र' वेगळं. विहिरींचं पाणी धरलं की नाही, भागाकारात खाली कोणतं क्षेत्र घेतलं, यावरही टक्केवारी बदलते. शिवाय ज्या विभागावर प्रश्न उठले, त्याच विभागाने हे उत्तर लिहिलं होतं. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. पण ती एक बाजू आहे हे लिहूनच वापरायचं.

८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राने अर्थव्यवस्थेवर श्वेतपत्रिका मांडली आणि त्याच दिवशी काँग्रेसने 'ब्लॅक पेपर' काढला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, चांगला सराव होईल.

आपलं काम पोचवण्यासाठी

थीसिस किती जण उघडतात, हे आपल्याला माहीतच आहे. समजा, तुम्ही कामणसारख्या गावातल्या विहिरींच्या पाण्यावर काम केलंय. ते गावकऱ्यांपर्यंत, महापालिकेच्या अभियंत्यापर्यंत न्यायचं तर सहा-आठ पानांची श्वेतपत्रिका खूप उपयोगी पडते. मात्र:

१. प्रश्न आणि निष्कर्ष पहिल्याच पानावर द्या.
२. किती नमुने, कोणत्या महिन्यांत, कसे घेतले हे लिहा. एप्रिलची विहीर आणि ऑगस्टची विहीर सारखी नसते.
३. जे सिद्ध झालं नाही, तेही लिहा. 'अजून तज्ज्ञ-परीक्षण झालेलं नाही' ही ओळ लपवू नका.
४. तारीख आणि आवृत्ती क्रमांक टाका. झेनोडोसारख्या भांडारात ठेवलं तर डीओआय फुकट मिळतो.
५. आधी गाइडची परवानगी घ्या, मग जर्नलचे नियम पाहा. काही जर्नल आधी जाहीर झालेला मजकूर घेत नाहीत. पेटंटचा विचार असेल तर अर्ज करण्यापूर्वी काहीच जाहीर करू नका. नावीन्याचा दावा अडचणीत येतो.
६. थीसिसमध्ये तोच मजकूर वापरलात तर स्वतःच्याच श्वेतपत्रिकेचा संदर्भ द्या, नाहीतर साम्य-तपासणीत अडकाल.

प्रचार करायला हरकत नाही, आपलं काम आपणच सांगायला हवं. फक्त कोणी विचारलं, "हा आकडा कोणी मोजला आणि कशासाठी?", तर उत्तर त्याच पानावर सापडलं पाहिजे.